एक जूनचा केक

आमच्या कॉलनीत एक जूनला एकतीस जणांचा वाढदिवस असतो. हा आकडा मी स्वतः वही घेऊन दारोदार फिरून काढलाय, तेव्हा त्यावर वाद नको. ज्यांचा जन्म खेड्यात घरीच झाला, ज्यांच्या आईबापांना तारीख-वार ठाऊक नव्हते, त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी सरळ एक जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये उघडते, वयाचा हिशेब सोपा जातो, आणि गुरुजींनाही दुसरी कामं असतात. त्यामुळे आमच्या कॉलनीतले कारकून, शिक्षक, कामगार सगळे एकाच दिवशी जन्मलेत आणि ज्या त्या साली एकतीस मेलाच निवृत्त होतात.

आमच्या घरात तर आई आणि बाबा दोघांचाही वाढदिवस एक जून. दोघांचा असल्यामुळे तो कुणाचाच नसायचा. सकाळी बाबांना बँकेकडून शुभेच्छांचा मेसेज यायचा, ते तो चष्मा लावून मोठ्याने वाचायचे, आई म्हणायची, बँकेला बरं आठवतं, आणि वाढदिवस संपायचा.

आई शाळेत शिपाई होती. तीस वर्षं तिने घंटा दिली, वर्ग झाडले, नोटिसा फिरवल्या. कुणा मुलाचा वाढदिवस असला की ते मूल नवा फ्रॉक किंवा नवा शर्ट घालून चॉकलेटचा डबा घेऊन वर्गावर्गात वाटायला निघायचं, आणि त्याच्यासोबत आई असायची. असे किती वाढदिवस तिने फिरवले असतील याचा हिशेब नाही. तिचा स्वतःचा मात्र सुट्टीत पडायचा. शाळा बंद, मुलं गावाला.

तिची निवृत्तीही सुट्टीतच आली. एकतीस मेला मुख्याध्यापकांनी चार शिक्षकांना बोलावून घेतलं, शाल दिली, नारळ दिला, एक बरी साडी दिली. भाषणं रिकाम्या बाकांपुढे झाली. मी आणि बाबा मागच्या बाकावर गुडघे आखडून बसलो होतो.  घरी आल्यावर आई बोलली. म्हणाली, मी खरी दोन वर्षांनी लहान आहे. माझी आई सांगायची, शाळेत घातली तेव्हा तू एवढीशी होतीस, तुला शेंबूड पुसता येत नव्हता. गुरुजींनी डोळे मिटून वय लिहिलं आणि माझी दोन वर्षं गेली. पंधरा जूनला शाळा उघडेल तेव्हा घंटा कोण देणार, ते सांगा मला.

यावर बाबा म्हणाले, देईल कुणीतरी. बाबांचा हा गुण मला कधीच आवडला नाही. खरं असेल ते आणि नको तेव्हाच बोलायचं.

पंचाईत अशी, की मी तोपर्यंत सगळी तयारी करून बसले होते. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात मी काम करते. तिथे दर महिन्याला वाढदिवसवाल्यांचा एकत्र केक कापतात. त्यावरून मला सुचलं, की यंदा आई मोकळी होते आहे, तर कॉलनीतल्या सगळ्या एक जूनवाल्यांचा मिळून एकच वाढदिवस करावा. विहारासमोरची मोकळी जागा मिळाली, एकतीस जणांची माणसं धरून एकशेवीस आकडा ठरला, आणि केक मी घरी करीन असं मी छाती पुढे काढून सांगून बसले. माझं हे नेहमीचं आहे. आधी बोलते, मग घाम पुसते. आईला मी हे निरोपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे ऐन एक जूनला सांगितलं, कारण तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

तिने चहाची कपबशी खाली ठेवली. "ज्या तारखेनं माझी शाळा सोडवली, तिचा केक मी कापू?" एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली. मला तिचा राग आला. आणि खरं सांगायचं तर रडूही आलं, कारण ती चुकीचं बोलत नव्हती. पण एकशेवीस माणसांना आमंत्रण गेलं होतं. गावाहून मामाही येणार होता, त्याचीही तारीख तीच. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

केक सोपा होता. अगदी लहान मुलाला जमेल असा. मैदा, साखर, कोको, खायचा सोडा आणि मीठ चाळून एकत्र करायचं. दुसऱ्या भांड्यात पाणी, तेल, व्हिनेगर आणि थोडी कॉफी. दोन्ही एकमेकांत ओतायची, गुठळ्या मोडेपर्यंत हलवायचं की झालं. अंडं नाही, दूध नाही, फेटाफेटी नाही. मोठ्या ट्रेमध्ये बोटभर जाडीचा सपाट केक भाजायचा आणि गरम आहे तोवरच त्यावर लोणी, कोको आणि साखरेचं गरम गरम मिश्रण ओतून पसरायचं. गार झालं की वरून चकचकीत थर धरतो. घरी छोट्या ओव्हनमध्ये मी तो तीनदा केला होता आणि तिन्ही वेळा फुगला होता. पण त्या ओव्हनमध्ये मावतो सोळा तुकड्यांचा केक. एकशेवीस तुकडे त्यात भाजायचे तर पुढचा एक जून उजाडला असता.

त्यावर माझ्याकडे उपाय होता, आणि मी त्याच्यावर फार खूश होते. लहानपणी आम्ही पंचवटीत भाड्याने राहायचो. तिथल्या गल्लीतल्या बेकरीत दिवाळीच्या आधी घरोघरचं नानकटाईचं पीठ भाजायला जायचं. घरी तूप-साखर फेसून पीठ मळायचं, डब्यात भरायचं, वर ओलं फडकं, फडक्याला नावाची चिठ्ठी, आणि रांगेत डबा ठेवून द्यायचा. नंबर लागेल तेव्हा लागेल. कधी दोन तास, कधी चार. बायका तिथेच ओट्यावर बसून गप्पा मारायच्या आणि घरी जाताना पत्र्याचे डबे भरून गरम नानकटाई. कॉलनीत राहायला आलो तरी आम्ही दिवाळीला त्याच भट्टीवर जातो. बेकरीवाले चाचा आता म्हातारे झालेत, पण मला अजून बेटा म्हणतात. मी त्यांना फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, सकाळचा पाव निघाला की भट्टी जरा उतरते, तेव्हा घेऊन ये, कडा असलेले पावाचे ट्रे देतो.

मग मी काय केलं? सकाळी नऊ वाजता बारा वाट्या मैद्याचं सगळं पीठ घरी कालवलं, मोठ्या पातेल्यात भरलं, वर ओलं फडकं टाकलं, पातेलं मांडीवर घेतलं आणि रिक्षात बसले. फडक्याला चिठ्ठी तेवढी लावायची राहिली.

नाशिकरोडच्या बाजूने पंचवटीत जायचं म्हणजे बरा दिवस असला तर अर्धा तास. तो दिवस बरा नव्हता. पुलावर टेम्पो आडवा झाला होता, पुढे भाजीबाजाराची गर्दी. सुरुवातीला पीठ फडक्याखाली फसफसत वर आलं, मी खूश झाले. मग ते हळूहळू खाली बसलं. मला वाटलं, बसू दे, भट्टीत परत उठेल. भट्टीवर आधीच कुणाचे तरी टोस्ट लागले होते. मी आपली शहाण्यासारखी पातेलं रांगेत ठेवून ओट्यावर बसले आणि चाचांच्या सुनेशी गप्पा मारल्या.

केक फुगला नाही. दोन्ही ट्रे बाहेर आले तेव्हा त्यात चॉकलेटी रंगाची दोन मोठी धिरडी होती. चाचांनी एका कोपऱ्याला बोट लावलं आणि मला विचारलं, की सोडा-व्हिनेगर कधी एकत्र केलं. नऊ वाजता, मी म्हटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा वाजून गेले होते.

"बेटा, ही नानकटाई नाही," ते म्हणाले. "नानकटाई वाट बघते. हे बघत नाही."

हे कळायला बेकरीवाला कशाला हवा होता? मी शाळेत विज्ञान शिकले आहे. सोडा आणि आंबट एकत्र आलं की तेव्हाच उठतं, जे काय उठायचं ते. घरी ते तीनदा नीट झालं, कारण ओव्हन हाताशी होता. पण भट्टीवर जायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात दिवाळी शिरली, आणि दिवाळीपुढे विज्ञान कुठलं टिकायला. ती दोन धिरडी घेऊन मी घरी आले आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर मटकन बसले. बाबांनी तुकडा मोडून चहात बुडवला आणि म्हणाले, वाईट नाही, फक्त याला केक म्हणू नकोस.

आईने मात्र पदर खोचला. तिला माझी दया आली असं मी म्हणणार नाही. बारा वाट्या मैदा आणि शेरभर साखर नासली हे तिला सहन होईना. तिने ती धिरडी हाताने चुरली, थोडं दूध शिंपडलं आणि बघता बघता लाडू वळून ठेवले. मग मला विचारलं, परत करायला सामान आहे का. मी म्हटलं, कोको आहे, मैदा आणावा लागेल. बाबा पिशवी घेऊन दुकानात गेले. आई म्हणाली, कोरडं वेगळ्या डब्यात घे, ओलं वेगळ्या कॅनमध्ये, दोन्ही एकटीला रिक्षात धरता येणार नाही, मी येते. आणि लगेच पुढे म्हणाली, की मी फक्त सामान धरायला येते आहे, वाढदिवसाला नाही.

दुपारी दोन वाजता आम्ही दोघी भट्टीसमोर उभ्या होतो. चाचांनी ट्रेला तेल लावून ठेवलं होतं. ट्रे तयार, भट्टीचं दार उघडं, आणि मग मी ओलं कोरड्यात ओतलं. मी चमच्याने हलवायला लागले तर आईने मला बाजूला सारलं, बांगड्या कोपराकडे चढवल्या आणि हात घातला. शाळेत खिचडीच्या बाई आल्या नाहीत की तीच ढवळायची, त्यामुळे मोठ्या भांड्याची तिला भीती नाही. शंभर आकडे मोजायच्या आत पीठ ट्रेमध्ये होतं आणि ट्रे लांब दांड्याच्या फळीवरून आत गेले होते.

नंतरची पंचवीस-तीस मिनिटं मी सारखी मोबाइलवर वेळ बघत होते. आई ओट्यावर बसून चाचांना शाळेबद्दल सांगत होती. कोणती घंटा किती ठोक्यांची, सातवा तास मुलांना का जड जातो, असलं काहीबाही. बोलता बोलता ती एकदम थांबली आणि म्हणाली, काढा आता. माझ्या हिशेबाने अजून चार मिनिटं होती. पण तिला शाळेतही तास संपल्याचं घड्याळ न बघता कळायचं, तेव्हा मी मोबाइल पिशवीत टाकला. चाचांनी ट्रे ओढला. केक कडांपर्यंत भरून आला होता, मधोमध बोट दाबलं तर परत वर येत होता. चाचा आईला म्हणाले, ताई, उद्यापासून कामावर या. गमतीत म्हणाले ते. आई हसली नाही, पण ते ऐकून तिची मान जरा ताठ झाली हे मी पाहिलं. वरचं गरम चॉकलेट आम्ही तिथेच चाचांच्या शेगडीवर केलं आणि उलथण्याने पसरलं.

संध्याकाळी सहा वाजता विहारासमोर गालिचे पडले. आई सोडून बाकीचे तीस वाढदिवसवाले कडक इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या खुर्च्यांवर बसले. मिशीआडून कधी न हसणारे रिटायर्ड हेडक्लार्क आणि नऊवारी नेसलेल्या आज्या एकमेकांना हॅपी बर्थडे म्हणत होत्या. तोवर ट्रेमधल्या केकचे एकशेवीस तुकडे कसे पाडायचे यावर चार माणसांचं पाच प्रकारे एकमत झालेलं होतं. आईने लाकडी फूटपट्टी मागवली, दोरा मागवला, ट्रेच्या कडेला खुणा केल्या आणि दोऱ्याने वड्या पाडाव्यात तशा सरळ रेषा पाडल्या. प्रत्येक ट्रेमध्ये साठ. एकही लहान नाही, एकही मोठा नाही. आधी मुलांची रांग, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे, वाढणारे सगळ्यात शेवटी. कुणी दोनदा आलं तर ती न बघता ओळखत होती.

पण वाढदिवसवाल्यांना पुढे बोलावलं तेव्हा ती टेबलाच्या मागेच राहिली. बाबा तिच्याकडे बघत एकटेच गेले. तीस माणसं उभी राहिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आई उलथण्याला लागलेलं चॉकलेट पुसत होती. मी तिच्यासाठी एक तुकडा बशीत बाजूला काढला होता. तो तिने झाकून ठेवला.

मामा उशिरा आला. सिन्नरहून एसटी मिळायला वेळ लागला म्हणाला. तो आईचा थोरला भाऊ, गावी कांदा आणि भाजीपाला करतो. त्याने आल्या आल्या दोन तुकडे खाल्ले, तिसऱ्याकडे हात नेला आणि बशी झाकलेली बघून विचारलं, हा कुणाचा? मी सांगितलं, आईचा, पण ती खात नाही. तिचं म्हणणं आहे की ही तारीख तिची नाही, गुरुजींनी तिची दोन वर्षं खाल्ली.

मामा खुर्ची ओढून आईसमोर बसला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गुरुजीचा काय दोस नाय त्यात, तायडे," तो म्हणाला. "तुझं वय मी सांगितलं व्हतं."

मग त्याने सांगितलं. दुष्काळाचं साल. आईबाप दिवस उगवायच्या आत खडी फोडायला जायचे. तो सात वर्षांचा, आई चारची. शाळेत पोरांना सुकडी मिळायची, भाजक्या पिठाची, गोड. पण पटावर नाव असेल त्यालाच. म्हणून तो एका सकाळी बहिणीला कडेवर घेऊन शाळेत गेला आणि म्हणाला, हिचं नाव घाला, सहा वर्षांची आहे. गुरुजींनी तिला खाली उभं केलं आणि नव्या पोराला करायला लावायचे तेच करायला लावलं. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. हात कानाला लागला तर सहा पुरी झाली, नाही लागला तर पुढच्या साली ये.

"तुझा हात कुठला पुरतोय. बोटं केसातच ऱ्हायली. गुरुजी पट उघडायला वळले, तवा मी मागून तुझी मान कलती केली. कान वर आला, बोट लागलं. म्हनलो, लागलं गुरुजी."

 हे आईने कधीच ऐकलेलं नव्हतं. 

"आन त्या साली नाव नसतं घातलं, तर पुढं कोन घालत व्हतं?" मामा म्हणाला. "आपल्या वस्तीतली दुसरी एक पोरगी सांग, शाळंत गेलेली."

सांगण्यासारखी कुणी नव्हतीच. आई सातवी शिकली म्हणून तिला शाळेत नोकरी लागली, तिला नोकरी होती म्हणून आम्ही शहरात राहिलो, आणि तिच्या पगारावर मी शिकले. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या समजलं. मला वाटतं तिलाही समजलं. पण ती एवढ्या लवकर कुणाला सोडणारी नाही. तिने विचारलं, पन्नास वर्षं तू हे बोलला का नाहीस? मामा म्हणाला, तू पुसलं नाय. मग खाली बघून म्हणाला, की एक गोष्ट आणखी आहे. तिच्या वाट्याची सुकडी रोज मिळायची खरी, पण घरी येताना वाटेत त्यातली अर्धी तोच खायचा.

यावर बाबा जोरात हसले. आई हसली नाही. तिने हातातलं उलथणं खाली ठेवलं, उजवा हात वर उचलला, डोक्यावरून पलीकडे नेला आणि डावा कान धरला. मान सरळ. बोटाला चॉकलेट होतं ते कानाच्या पाळीला लागलं. पुढच्या खुर्च्यांवरच्या एक जूनवाल्या दोघी-तिघींनीही न सांगता आपापले कान धरून पाहिले.

"आता पुरतो," ती म्हणाली.

मग तिने बशीवरचं झाकण काढलं, तुकडा उचलला, आणि मामाच्या डोळ्यांदेखत सगळाच्या सगळा स्वतः खाल्ला. त्याला कणभरही दिला नाही.